दिव्यानीची बावीस उत्तरं

दिव्यानीला पोहायला आम्ही शिकवलं असं सांगणारे आता सहा-सात जण निघालेत. त्यातला एकही तेव्हा पाण्यात नव्हता. म्हणून आधी खरं सांगून टाकते. तिला पाण्यात नेलं नीलाबाईनं.

नीलाबाई ढिवराची, मासेमारांच्या घरची. पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावाला जुना मामा तलाव आहे, मालगुजारांच्या काळातला, त्यात तिच्या घरचे शिंगाडे लावायचे. दिव्यानीची आई सत्यशीला निमगडे कधी धानाच्या रोवण्याला, कधी कापणीला. बाप धनराज बल्लारपूरला ठेकेदाराच्या हाताखाली, उजाडता घर सोडायचा. पोरगी सात वर्षांची, बोलणं चार-पाच शब्दांचं. अंगणवाडीतून दोनदा परत आणून सोडलेली, स्वतः बसत नाही अन् दुसऱ्यांना बसू देत नाही म्हणून. दिवसभर तिला ठेवायची कुठं, हा त्या घरातला रोजचा प्रश्न. नीलाबाई म्हणाली, माझ्यासंगं दे.

ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर पालथी पडून नीलाबाई शिंगाडे तोडायची. ट्यूबला दोरी, दोरीचं दुसरं टोक पोरीच्या कमरेला. पोरीचं काम एकच, पुढं राहून दोन्ही हातांनी वेल बाजूला सारायचे. तिसऱ्या हंगामात नीलाबाईनं दोरी काढून टाकली. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "कायची भीती जी, दोरीनं तेच मले वढून नेऊन राह्यली होती."

अकराव्या वर्षी दिव्यानीला विशेष मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथल्या पोरांना शहरातल्या जलतरण तलावावर शिकवायला बापूराव वाढई यायचे. कोळसा खाणीतून रिटायर झालेले, उमेदीत खाणीच्या बचाव पथकात होते. आवाज असा की खाणीत खाली उतरून वरच्या माणसाला हाक मारावी. पहिल्या दिवशी त्यांनी दहा पोरं काठावर उभी केली. नऊ पाण्यात पडली. दिव्यानी काठाच्या लोखंडी दांडीला मिठी मारून बसली आणि गळा काढून रडली. गावचा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत कापणारी पोरगी. दोन आठवडे हेच चाललं. बापूरावांना वाटलं, आईनं थापा मारल्या.

भेद एकदा तिथे बघायला आलेल्या नीलाबाईनं सांगितला. तिच्या तलावात हातभर खालीही दिसत नाही. इथे स्वच्छ पाणी, निळी फरशी, काळ्या रेघा, सगळं तळापर्यंत लख्ख. "तिले तळ दिसून राह्यला ना जी. तिले वाटते, सोडलं का खाली पडीन." मग बापूरावांनी तिला डोळे मिटून पोहू दिलं. महिनाभर. मग एक डोळा उघडा, मग दोन्ही. एक खोड मात्र गेली नाही. उडी मारल्यावर पहिले दोन हात ती बाहेरच्या बाजूला मारायची, वेल सारल्यासारखे. त्यात जवळजवळ एक सेकंद जायचा. बापूराव म्हणायचे, राहू दे, पुढं भरून काढते.

काढलाही. पंधराव्या वर्षी विशेष मुलांच्या स्पर्धेत पन्नास मीटर मुक्तशैलीत राज्यात पहिली, एक्केचाळीस सेकंद. सतराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी. गावाच्या फाट्यावर बॅनर लागला. वर चार पुढाऱ्यांचे फोटो, खाली कोपऱ्यात पोरगी, आणि लिहिलेलं : गावच्या गतिमंद कन्येचे यश. सत्यशीला मजुरीवरून येताना थांबली. घरी गेली, ब्लेड आणलं, दुकानदाराचं स्टूल मागून घेतलं आणि तो एक शब्द चौकोनी कापून काढला. मी तिथे होते. मला म्हणाली, "राज्यात साऱ्याईच्या पुढं आली अन् लिहितेत काय तं गतिमंद." त्या चौकोनात वारा शिरून दोन दिवसांत बॅनर फाटला. पुढाऱ्यांचा एक माणूस जाब विचारायला आला होता. त्याला मी जे सांगितलं ते इथे छापता येणार नाही.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणू नये. ते ताठ मानेनं झालं.

अठराव्या वर्षी शाळा संपते. संपते म्हणजे हातात पिशवी देतात आणि घरी पाठवतात. शाळेचा दोष नाही, नियमच तसा आहे. अठरा वर्षांचं झाल्यावर या पोरांनी कुठं जायचं, हे ज्यानं नियम केला त्यानं सांगितलेलं नाही. दिव्यानी घरी आली. शहर पन्नास किलोमीटर. मग करोना आला, तलाव सगळ्यांसाठीच बंद झाले. नीलाबाईचे गुडघे गेले, तिच्या घरच्यांनी शिंगाडे सोडले. दिव्यानी एकटी तलावावर जायची. एका दुपारी कुणीतरी तिला बिस्किटचा पुडा दाखवून तलावाच्या पाळीपलीकडं, बांधाखालच्या झुडपांकडं घेऊन चालला होता. नीलाबाईनं ओसरीवरून पाहिलं आणि चालता येत नव्हतं तरी काठी घेऊन ओरडत सुटली. माणूस पळाला. कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी नाव घेत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सत्यशीला कामाला जाताना दाराला बाहेरून कडी लावू लागली.

मी भांडले. मी अशा पोरांच्या आईबापांचं काम करते. आठवी नापास आहे, कायदा मी खिडक्यांसमोरच्या रांगेत उभी राहून शिकले. मी तिला म्हटलं, माणसाला कोंडून ठेवणं गुन्हा आहे. सत्यशीला म्हणाली, "मंग तू बस बाई दिवसभर तिच्यापाशी. मी शेतात जातो." मला अशी साठ घरं बघायची होती.

एकवीस वर्षांची बाई त्या खोलीत सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत. बाजेवर पालथी पडून पाय मारायची, एका लयीत, तासन् तास. बाजेची नवार दोनदा तुटली. एकदा सत्यशीला दुपारी लवकर आली तर पोरीनं तोंड बादलीत बुडवलेलं. आई किंचाळली. दिव्यानी शांतपणे वर आली, श्वास घेतला, पुन्हा तोंड खाली. बापूरावांनी शिकवलेलं करत होती, मोजून. सत्यशीलानं त्या दिवसापासून बादलीही बाहेर ठेवायला सुरुवात केली.

तलाव उघडल्यावर बापूरावांचा फोन आला. राज्य संघाची निवड आहे, तिला आणा, अजून जागा आहे तिची. निवड झाली तर सरावासाठी शहरात मुलींबरोबर राहायची सोय, रोज पाणी. फक्त एक गोष्ट. तिचं जुनं प्रमाणपत्र अठरा वर्षांपर्यंतचंच होतं. आता नवं कार्ड लागेल, अपंगत्व किमान चाळीस टक्के. त्याशिवाय नावच घेत नाहीत.

म्हणजे त्या दारातून बाहेर पडायचा रस्ता एकच होता आणि तो एका कागदावरून जात होता. तपासणीचं शिबिर जानेवारीत लागणार होतं.

सत्यशीलानं मला विचारलं, तिथे काय विचारतात. मी साठ घरच्या पोरांना घेऊन त्या दारात उभी राहिलेली. दार उघडंच असतं, आतलं सगळं ऐकू येतं. नाव काय, गाव कोणतं, बापाचं नाव, आज वार कोणता, गाईला पाय किती, पाण्यापेक्षा दूध वेगळं कसं, हरवलीस तर काय करशील. मी वहीत लिहून दिले, बावीस प्रश्न. यादी मी दिली. दुसऱ्या कुणी नाही.

का दिली, ते सांगते. आमच्या वस्तीत परीक्षा म्हटली की पोराला तयारीशिवाय पाठवत नाहीत. बाप निरक्षर असेल, आई निरक्षर असेल, पण पोरगं साहेबापुढं तोंड बांधून उभं राहता कामा नये. आमच्या आज्यापणज्यांना साहेबानं विचारलं की ते मान खाली घालायचे. आम्ही घालत नाही. रविवारी विहारात वंदना झाली की पोरं पुढं येऊन पाठ केलेलं म्हणून दाखवतात, मग ती पहिलीतली असोत की बारावीतली, आणि सगळे टाळ्या वाजवतात. एवढी वर्षं सत्यशीला मागं बसून दुसऱ्यांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होती.

आणि मला वाटलं, टक्के तर शाळेच्या फायलीवरून देणार, जुनं प्रमाणपत्र आहे, पदकं आहेत. प्रश्न विचारतात ते नावाला. हुशारीनं दोन उत्तरं दिली तर डॉक्टर नीट वागेल. एवढ्या वर्षांच्या रांगांनी मला हेच शिकवलं होतं, की जो बोलतो त्याला खुर्ची मिळते.

दिवाळीपासून अभ्यास सुरू झाला. सत्यशीला पहाटे चुलीपाशी बसून प्रश्न विचारायची, दिव्यानी उत्तर द्यायची आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारायची, "बरोबर?" आई म्हणायची, बरोबर. तेव्हाच ती पुढच्या उत्तराकडं वळायची. पहिल्या महिन्यात चार उत्तरं झाली. दुसऱ्यात अकरा. धनराज सकाळच्या गाडीला जाता जाता दारातून एखादा प्रश्न टाकायचा. शिबिर सोमवारी होतं, म्हणून वाराचं उत्तर सोमवार असं पक्कं केलं. शिबिराच्या आदल्या रविवारी विहारात दिव्यानी पुढं गेली आणि बावीसच्या बावीस म्हणाली. एकही चुकलं नाही. टाळ्या थांबेनात. सत्यशीला भिंतीला टेकून उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या.

शिबिरात गर्दी दोनशे माणसांची, तपासणारा एक. माणूस वाईट नव्हता, सकाळपासून चहा मिळालेला नव्हता इतकंच. त्यानं वहीतल्यासारखेच प्रश्न विचारले, त्याच क्रमानं, कारण तो रोज तेच विचारत होता. पाचेक झाल्यावर तो थांबून पोरीकडं बघू लागला. पुढचे विचारले, तीही उत्तरं आली. फाईल त्यानं उघडली नाही. "हुशार आहे की," असं म्हणाला आणि शिक्का मारला. सत्यशीलानं बसस्टँडवर सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

कार्ड आलं तेव्हा त्यावर पंचवीस होते. पंचवीस टक्के. चाळीसच्या खाली म्हणजे कायद्यानं काहीच नाही. पेन्शन नाही, पास नाही, संघ नाही. बापूरावांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, काय करून ठेवलं तुम्ही."

कार्डावर शहाणी ठरलेली पोरगी घरात कडीच्या आत होती. कडी काढली तर गाव तिला वेडी समजून झुडपांकडं नेणार. हे मी सत्यशीलाला सांगायला गेले तेव्हा माझी नजर वर होईना. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तीन महिने मी तिले कायच्यासाठी शिकवत होती वं?"

अपील करता येतं, हे मला माहीत होतं. कचेरीतल्या बाबूनं अर्ज वाचला, शेजाऱ्याला वाचून दाखवला. "टक्के वाढवून द्या मनणारे रोज येतेत बाई, पण ते पाय दाखवतेत, डोळा दाखवतेत. तुमी तं मनता पोरगी हुशार नाई, तिले पुन्हा नापास करा. पोरगी हुशार निघाली तं पेढे वाटाचे, रडता काऊन?" मी टेबलावर हात आपटला. हात आपटून काय होतं? अर्ज ढिगाच्या तळाशी गेला. अकरा महिने तिथे राहिला. त्या अकरा महिन्यांत निवड झाली, संघ गेला, संघ परत आला. एका पोरीला तिसरं बक्षीस मिळालं, तिची वेळ पंचेचाळीस सेकंद होती. ही बातमी बापूरावांनी मला सांगितली आणि दिव्यानीच्या घरी सांगू नका म्हणाले. मी सांगितली नाही.

फेरतपासणीची तारीख आली, एक गुरुवार. या वेळी चूक करायची नाही असं आम्ही ठरवलं. मी, सत्यशीला, बापूराव. दिव्यानीला सांगितलं, काही विचारलं तरी बोलायचं नाही. काही पुढं ठेवलं तर हात लावायचा नाही. तिला पटेना. आई प्रश्न विचारायची, ती सवयीनं उत्तर द्यायची, आणि आई ओठांवर बोट ठेवायची. दिव्यानी चिडली, वाटी फेकली, दोन दिवस जेवली नाही. तिनं आयुष्यात पाठ केलेली एकच गोष्ट, आणि आता तीच तोंडातून काढायची नाही. तिसऱ्या आठवड्यात ती ओठ आवळून बसायला शिकली. आम्हाला वाटलं, जमलं.

वैद्यकीय मंडळात या वेळी एक डॉक्टरीण होती, मानसशास्त्राची. खोली मोठी, बाजूला एक बाबू लिहायला. तिनं दिव्यानीला खुर्ची दिली, नाव विचारलं. दिव्यानीनं ओठ आवळले. गाव विचारलं. ओठ आवळलेले. टेबलावर लाकडी ठोकळे ठेवले, चित्रं ठेवली. दिव्यानीनं दोन्ही हात मांडीखाली घातले. डॉक्टरणीनं मागची फाईल काढली, वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

"मागच्या वर्षी हिनं बावीस प्रश्नांची अचूक उत्तरं दिली आहेत. आज स्वतःचं नाव सांगत नाही. तुम्ही हिला काय शिकवून आणलंय?"

मी म्हटलं, आजारी आहे. ती म्हणाली, पेन्शनसाठी लोक पोरांना मुकं करून आणतात, मी रोज पाहते, अशा वेळी मला अहवाल करावा लागतो. माझं डोकं सटकलं. मी कायदा काढला, कलम काढलं, तिची नोकरी कुणाच्या पैशावर चालते तेही काढलं. तिनं शिपायाला बोलावून मला दाराबाहेर उभं केलं. दार उघडंच राहिलं. मी आयुष्यभर अशा दारात उभी राहून ऐकत आले, तसंच ते ऐकलं.

आत सत्यशीला उठून उभी राहिली. म्हणाली, "डॉक्टर मॅडम, तिले म्याच शिकवलं होतं. तीन महिने. उत्तर सांग मनून बी म्याच शिकवलं अन् सांगू नको मनून बी म्याच. मले एकदा विचारू द्या तिले. तुमी आयका फक्त."

डॉक्टरणीनं मान हलवली. सत्यशीला पोरीसमोर खाली बसली, चुलीपाशी बसायची तशी. "दिव्यानी, आता सांगजो. इथी सांगजो." पोरीचे ओठ सुटले. एवढे दिवस दाबून ठेवलेलं तिच्या चेहऱ्यावर आलं, ती हसली.

आईनं विचारलं, "गाईले पाय किती?"

"दिव्यानी धनराज निमगडे," दिव्यानी म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर. तुह्या बापाचं नाव काय?"

गावाचं नाव सांगितलं तिनं, तालुक्यासकट. "बरोबर?"

लिहिणारा बाबू हसला. सत्यशीलानं मागं वळून पाहिलं नाही. "बरोबर. तू हरवली तं काय करशीन?"

"धनराज."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

भिंतीवर कॅलेंडर होतं, गुरुवार होता. डॉक्टरणीनं बाबूकडं पाहिलं तेव्हा तो गप्प झाला. पण दिव्यानीनं त्याचं हसणं ऐकलं होतं. काहीतरी बिघडतंय हे तिला कळलं. का, ते कळलं नाही. तिनं आवाज चढवला. पुढचं उत्तर ओरडून दिलं, त्याच्या पुढचं त्याहून मोठ्यानं, प्रश्नाची वाट न पाहता, चार, पांढरं, पोलीसदादा, जसं विहारात म्हटलं होतं तसं. सत्यशीला मधे मधे चुकीचे प्रश्न घालतच राहिली. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. स्वतः तीन महिने एकेक वीट लावून उभी केलेली भिंत ती माणसांसमोर स्वतःच्या हातानं पाडत होती, आणि पोरगी त्या भिंतीला धरून होती.

"पुरे," डॉक्टरीण म्हणाली. "पुरे, बाई. बसा वर."

मग तिनं दार लावायला सांगितलं. दीड तास लावला. ठोकळे, चित्रं, सगळं सावकाश. बाबूला बाहेर पाठवलं. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तंबाखू विचारली. मी दिली नाही.

बाहेर आल्यावर दिव्यानी आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "बरोबर?" म्हणाली. सत्यशीला पिशवीत कागद घालत होती, तिनं पिशवीची दोरी ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. मीच म्हटलं, बरोबर, दिव्यानी, सगळं बरोबर. ती माझ्याकडं वळलीही नाही. माझं बरोबर तिला नको होतं. बसमध्ये ती आईपासून दोन सीट दूर बसली. सत्यशीलानं बोलावलं नाही.

पाच आठवड्यांनी कार्ड आलं, पन्नास टक्क्यांचं. त्या वर्षीची नावं तेव्हा जाऊन चुकली होती. मी पेढे आणले नाहीत. कुणी आणणार म्हणालं तर सत्यशीलानं हात जोडले.

पण पाणी मिळालं. नव्या कार्डावर आणि बापूरावांच्या शब्दावर, निवडीआधीच, शहरातल्या त्या सोयीत तिला जागा मिळाली, चार मुलींची खोली. पहिल्या दिवशी पन्नास मीटरला एकोणपन्नास सेकंद लागले. तिसाव्या मीटरला ती थांबून लेनची दोरी धरून धापा टाकत होती. साडेतीन वर्षांची बाज आणि भिंती तिच्या खांद्यात बसल्या होत्या. बापूराव काठावरून ओरडले नाहीत, हे मी प्रथमच पाहिलं. पावसाळ्यापर्यंत सेहेचाळीस. दिवाळीला चव्वेचाळीस. एक्केचाळीस आता होणार नाहीत, असं ते मला खासगीत म्हणाले. तेवीस वर्षांची आहे, जे सरावाचे दिवस गेले ते गेले. यंदाच्या निवडीत ती दुसरी आली, चव्वेचाळीसच्या थोडं आत. संघात नाव लागलं.

कडीचं विचाराल तर सुटीत ती घरी येते तेव्हा अजून लागते. मी आता भांडत नाही. ज्याचं नाव घेतलं जात नाही तो गावातच आहे, विहिरीवर रोज दिसतो.

एक गोष्ट मी बापूरावांनाही उशिरा सांगितली. त्या गुरुवारपासून दिव्यानी माणसांशी बोलताना आधी आईकडं पाहते. आई नसेल तर बोलत नाही. वसतिगृहातल्या मुलींना वाटलं, मुकी आहे. जेवण हवं का विचारलं तरी ओठ आवळायची. डॉक्टरणीच्या खोलीतलं तिला किती कळलं, हे मला सांगता येणार नाही. एवढं कळलंय की कुठे सांगायचं आणि कुठे नाही याचा काहीतरी नियम आहे, तो आईला माहीत आहे आणि तिला नाही. आम्ही तिघांनी तिला हे शिकवलं. बावीस उत्तरांना तीन महिने लागले, हे तीन आठवड्यांत शिकली.

गेल्या महिन्यात संघ निघाला. बल्लारपूरच्या फलाटावर सकाळी सगळे जमले. आमच्या भागातली पाच मुलं, त्यांचे आईबाप, बापूराव, आणि नागपूरहून आलेली संघाची एक तरुण मॅडम, हातात यादी. सगळ्यांना निळे टी-शर्ट वाटले होते. दिव्यानीचा दंडावर घट्ट होत होता. मॅडम एकेकाचं नाव विचारून खूण करत होती. दिव्यानीपाशी आली, नाव विचारलं. दिव्यानीनं ओठ आवळले. मॅडमनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावं तसं. मग यादीकडं पाहून तिनं बापूरावांना विचारलं, हिला नाव सांगता येत नाही का, तसं लिहू का?

माझं तोंड उघडलं होतं. सत्यशीलानं माझा हात धरला, जोरात.

दिव्यानी आईच्या कानाशी वाकली. आईहून उंच आहे ती आता.

"इथी सांगू?"

"सांग," सत्यशीला म्हणाली. "इथी चालते."

दिव्यानीनं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, स्वच्छ. मॅडम छान म्हणाली, खूण केली आणि शेजारच्या पोराकडं वळली. दिव्यानी तिथेच उभी राहिली, हात सरळ, पुढचा प्रश्न येण्याची वाट पाहत. गाडी लागली तेव्हा बापूरावांना तिला दोनदा हाक मारावी लागली.